कॉक्लिअर इम्प्लांट : मशीन कसे चालते आणि घरी काय पाहावे
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

कॉक्लिअर इम्प्लांट म्हणजे ऐकू न येणाऱ्यांसाठी शस्त्रक्रियेने कानात बसवायचे यंत्र. त्याच्या बॅटऱ्या, कॉइलच्या वायरी आणि इतर सुटे भाग घेण्यासाठी आमच्याकडे येणारे पालक बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतात : मशीन चालू आहे, मग मूल हाकेला ओ का देत नाही? त्याचे उत्तर मशीनच्या रचनेतच आहे.

साधे श्रवणयंत्र आवाज मोठा करून कानात सोडते. इम्प्लांटचे काम निराळे आहे. आतल्या कानात शंखासारखी सुमारे अडीच वेढ्यांची पोकळी असते, तिला कॉक्लिया म्हणतात. तिच्यातील सुमारे पंधरा हजार सूक्ष्म केसपेशींमुळे ध्वनीच्या कंपनांचे विद्युत संकेत होऊन ते श्रवणचेतेकडे जातात. या पेशीच निकामी झाल्या असतील, तर आवाज वाढवून फारसा उपयोग होत नाही. म्हणून कानामागचा प्रोसेसर मायक्रोफोनमधून आवाज टिपतो, त्याचे संकेत तयार करतो आणि चुंबकाने डोक्याला चिकटलेल्या कॉइलमधून ते रेडिओलहरींनी त्वचेखालील भागाकडे पाठवतो. तेथून ते कॉक्लियात सरकवलेल्या नाजूक तारेवरील इलेक्ट्रोडपर्यंत पोहोचून थेट चेतातंतूंना चेतवतात. वेटोळ्या पोकळीत ही तार सरकवायची कशी, याचे उत्तर मेलबर्नचे डॉ. ग्रेम क्लार्क यांना १९७७ साली समुद्रकिनाऱ्यावर, शंखात गवताची पाती सरकवून पाहताना सापडले. टोकाला लवचीक आणि बुडाशी ताठ असलेली पाती वळणे घेत आत गेली.

पंधरा हजार पेशींचे काम अवघे १२ ते २२ इलेक्ट्रोड करतात, हे ध्यानात घेतले की सुरुवातीची अडचण समजते. मोठेपणी श्रवणशक्ती गेलेल्या अनेकांना पहिले काही आठवडे माणसांचे बोलणे यंत्रमानवासारखे वाटते. जन्मतः न ऐकणाऱ्या बाळाला तर आवाज म्हणजे काय, हेच नव्याने शिकायचे असते. शस्त्रक्रियेची जखम भरल्यावर, साधारणतः दोन ते चार आठवड्यांनी मशीन सुरू करतात आणि प्रत्येक इलेक्ट्रोडला किती विद्युतप्रवाह द्यायचा हे ठरवतात. यालाच मॅपिंग म्हणतात. पहिल्या वर्षात ते पुनःपुन्हा करावे लागते आणि त्याची एकही तारीख चुकवू नये.

रोज सकाळी मशीन लावल्यावर सहा ध्वनींची चाचणी घ्यावी, असा आमचा आग्रह आहे. मुलाच्या मागे, ओठ दिसणार नाहीत असे बसावे आणि नेहमीच्या आवाजात, दोन ध्वनींमधला वेळ कमीजास्त ठेवून, आ, ई, ऊ, म्, श्, स् हे ध्वनी एकेक करून उच्चारावेत. लहान बाळाने आवाज येताच डब्यात ठोकळा टाकावा, मोठ्या मुलाने तो ध्वनी म्हणून दाखवावा. या सहांत बोलण्यातील खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंतचे आवाज येतात. मराठीत शेवटच्या ‘स्’ला विशेष महत्त्व आहे, कारण तो ऐकू आला नाही तर ‘तू कधी आलास?’ मधला ‘आलास’ मुलाच्या कानी ‘आला’ असाच पडतो. काल येणारा ध्वनी आज अडला, तर आधी बॅटरी, मग कॉइलची वायर आणि मायक्रोफोनचे कव्हर तपासावे. तरीही फरक पडला नाही, तर ऑडिओलॉजिस्टना (श्रवणतज्ज्ञांना) त्याच दिवशी कळवावे.

पावसाळ्यातील दमट हवा आणि घाम मशीनला बाधतात. रात्री ते कोरड्या कापडाने पुसून, एकदा वापरायच्या बॅटऱ्या काढून, सुकवणीच्या डब्यात ठेवावे. डब्यातील ओलावा शोषणाऱ्या दाण्यांचा रंग बदलला की ते बदलावेत किंवा डब्यावरील सूचनेप्रमाणे पुन्हा सुकवावेत. झिंक-एअर बॅटरीवरचा कागद काढल्यावर ती काही मिनिटे उघडी ठेवून मग बसवावी, कारण ती हवेवर चालते.

एमआरआय किंवा कोणतीही शस्त्रक्रिया ठरली, तर इम्प्लांटचे कार्ड डॉक्टरांना आधी दाखवावे. आतले चुंबक आणि शस्त्रक्रियेत वापरली जाणारी विद्युत उपकरणे यांबाबत त्यांना निर्णय घ्यावा लागतो. न्यूमोकोकल लस (मेंदूच्या आवरणाच्या संसर्गापासून बचाव करणारी) दिली आहे ना, याचीही खात्री करावी.

आतल्या भागात बॅटरी नसते. त्याला वीजही कॉइलमधूनच मिळते. त्यामुळे मशीन उतरवताच इम्प्लांटच्या कानाला काहीही ऐकू येत नाही. झोपण्यापूर्वी मुलाला जे सांगायचे असेल, ते मशीन काढण्याआधी सांगावे आणि खोलीत मंद दिवा ठेवावा, म्हणजे रात्री जाग आली तर त्याला तुमचा चेहरा दिसेल.