स्टेज आणि ग्रेड : कॅन्सरच्या रिपोर्टमधील दोन वेगळे आकडे

बायोप्सीच्या रिपोर्टवर ‘ग्रेड ३’ असे दिसले की तिसऱ्या स्टेजचा कॅन्सर झाला, असा अर्थ पेडण्यापासून काणकोणपर्यंत अनेक घरांत काढला जातो आणि बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) डॉक्टरांची भेट होईपर्यंत घरच्यांच्या तोंडचे पाणी पळते. वास्तविक स्टेज म्हणजे आजार शरीरात कुठवर पोहोचला याचा अंदाज, तर ग्रेड म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली त्या पेशी मूळ पेशींपेक्षा किती वेगळ्या दिसतात याचे मोजमाप. स्तनाच्या कॅन्सरमध्ये नलिकांची रचना, केंद्रकांचे स्वरूप आणि पेशीविभाजनाचा वेग यांना प्रत्येकी १ ते ३ गुण देतात. बेरीज ८ किंवा ९ झाली की ग्रेड ३. अशी गाठ दीड सेंटीमीटरची असून काखेतील लसिका गाठींत काहीच पोहोचले नसेल, तर तिची स्टेज पहिलीच असते.

मेलानोमात, म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींच्या कॅन्सरमध्ये, मात्र असा ग्रेड दिलाच जात नाही. तरीही त्याची स्टेज ठरते ती बरीचशी सूक्ष्मदर्शकाखालीच, त्यामुळे ‘स्कॅनवरून स्टेज, स्लाइडवरून ग्रेड’ हे सोपे समीकरण येथे कोलमडते. ब्रेस्लो यांनी १९७० मध्ये मांडलेल्या पद्धतीनुसार त्वचेच्या कणमय थरापासून सर्वांत खोल गेलेल्या कॅन्सरपेशीपर्यंतची जाडी मिलिमीटरमध्ये मोजतात. १, २ आणि ४ मिलिमीटर या तिच्या मुख्य सीमारेषा. वरची त्वचा फुटून व्रण झाला असेल, तर तेवढ्याच जाडीचा मेलानोमा अधिक गंभीर धरला जातो. त्यानंतर किरणोत्सारी द्रव्य आणि निळा रंग टोचून कॅन्सरपेशी सर्वांत आधी जिथे पोहोचू शकतात ती पहिली लसिका गाठ शोधतात. आपल्याकडे हा आजार बहुधा तळपायावर किंवा नखाखाली आढळत असल्याने (आणि अनवाणी शेतात वावरणारा माणूस त्याला काट्याची जखम समजत असल्याने) ही गाठ अनेकदा जांघेतली असते. गाठीत पेशी सापडल्या की तिसरी स्टेज. फुप्फुस, यकृत किंवा मेंदू गाठला की चौथी.

हे आकडे सरळ चढत्या क्रमाने वाचता येत नाहीत, हेही ध्यानात घ्यावे. ४ मिलिमीटरहून जाड, व्रण झालेला, पण गाठी स्वच्छ असलेला मेलानोमा ‘२ सी’मध्ये येतो, पातळ, पण गाठीत केवळ सूक्ष्मदर्शकाला दिसतील एवढ्याच पेशी असलेला ‘३ ए’मध्ये. स्टेज ठरवण्याच्या ‘एजेसीसी’ या अमेरिकी समितीच्या सध्याच्या आठव्या आवृत्तीच्या वर्गीकरणामागील आकडेवारीत पाच वर्षांनंतर मेलानोमाने न दगावलेल्यांचे प्रमाण ‘२ सी’मध्ये ८२ टक्के, तर ‘३ ए’मध्ये ९३ टक्के आहे.

काही रिपोर्टांत ‘क्लार्क लेव्हल ४’ असेही लिहिलेले असते. ती चौथी स्टेज नव्हे. पेशी त्वचेच्याच खालच्या थरापर्यंत उतरल्या आहेत, एवढेच ती सांगते, आणि आता स्टेज ठरवताना ती धरतही नाहीत. अधिक अडचण होते ती बायोप्सी वरवर खरवडून घेतली असेल तेव्हा, कारण मेलानोमाचा तळच कापला गेल्यास पॅथॉलॉजिस्टला ‘जाडी किमान इतकी’ यापलीकडे काही लिहिता येत नाही, आणि खरी जाडी उरलेला भाग काढून तपासल्यावरही नेहमीच हाती लागते असे नाही.