गुळाचा चहा आणि कांद्यावरची काळी बुरशी

साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या एका चहाच्या गाड्यावर पाटी आहे: ‘गुळाचा चहा, शुगरवाल्यांनाही चालतो.’ आमच्या आत्याचंही हेच मत. डॉक्टरांनी साखर बंद केली, तर कराडकडच्या गुऱ्हाळातून आलेली ढेप तिने चालू केली. वाद घालून उपयोग नव्हता. शेवटी मीच दंडाला ग्लुकोजचा सेन्सर लावून घेतला. मला मधुमेह नाही, हे आधीच सांगतो.

दोन सकाळी उपाशीपोटी, काट्यावर मोजून २० ग्रॅम: एकदा साखर, एकदा गूळ. दोन्ही वेळा फोनवरची ग्लुकोजची रेघ ९० च्या आसपासून उठली, पाऊण तासात १३० च्या वर गेली आणि खाली आली. कुठला उंचवटा कशाचा, हे मलाच सांगता येईना. एका माणसाच्या दोन सकाळी म्हणजे काही संशोधन नव्हे. पण गुळातही मुख्यतः सुक्रोजच असतं, मग वेगळं काय दिसणार?

मला मात्र गुळापेक्षा सेन्सरनेच वेड लावलं. दहाच्या नाण्याहून थोडी मोठी चकती आणि तिच्याखाली कातडीत पाचेक मिलिमीटर शिरणारी बारीक तार. ही तार रक्तात असते असं बऱ्याच जणांना वाटतं. ती असते पेशींच्या मधल्या द्रवात. रक्तातलं ग्लुकोज तिथे झिरपायला पाच-दहा मिनिटं जातात. त्यामुळे अजिंक्यतारा चढताना साखर भराभर उतरत असली, तरी फोनवर शिळी बातमी दिसते.

तारेच्या टोकावर ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) असतं. ते मिळवतात ॲस्परजिलस नायजर नावाच्या बुरशीपासून. कांदा सोलताना सालीखालची जी काळी पूड बोटांना लागते ना, तीच ही बुरशी! हे विकर ग्लुकोजच्या रेणूकडून दोन इलेक्ट्रॉन काढून ऑक्सिजनला देतं, त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड बनतं. प्लॅटिनमवर ते फुटलं की तेच दोन इलेक्ट्रॉन तारेत उतरतात. जितकं ग्लुकोज तितका प्रवाह, तोही नॅनोअँपिअरमध्ये, म्हणजे अँपिअरच्या अब्जांश हिश्शांत. मूळ कल्पना लेलँड क्लार्क यांची, १९६२ ची.

यात एक गोची आहे. कातडीखाली ग्लुकोजच्या मानाने ऑक्सिजन फारच थोडा. तो अपुरा पडला, तर सेन्सर ग्लुकोजऐवजी ऑक्सिजनच मोजत बसेल. म्हणून तारेवर असं पटल चढवतात की ग्लुकोज थोडं थोडं आत यावं आणि ऑक्सिजनला मोकळी वाट मिळावी. काही सेन्सरांत तर ऑक्सिजनला सुट्टीच दिलेली असते. इलेक्ट्रॉनची ने-आण ऑस्मियमचं एक संयुग करतं.

विकर भलतं चोखंदळ. त्याला ग्लुकोज कळतं, फ्रुक्टोज कळत नाही. सुक्रोजचा निम्मा भाग फ्रुक्टोजचा; तो बहुतेक यकृताकडे जातो आणि रेघेवर जवळजवळ उमटतच नाही. तेव्हा ‘रेघ सपाट, म्हणजे पदार्थ उत्तम’ असं सांगणाऱ्या रील्स बघून घ्या आणि सोडून द्या. माझी रेघ भज्यांनीही फारशी हलली नाही, म्हणून मी रोज भजी खावीत का? जेवणानंतर धडधाकट माणसाची साखर १४० पर्यंत जाणं हा आजार नव्हे. त्याला ‘स्पाइक’ म्हणून घाबरवणारे आणि कारल्याचं चूर्ण विकणारे, दोघांचं दुकान एकच. इन्सुलिन घेणाऱ्यांची गोष्ट निराळी. रात्री साखर घसरली तर हे यंत्र त्यांना उठवतं.

मलाही उठवलं. पावणेतीनला फोन बोंबलला: ५४! घाम नाही, थरथर नाही. बोट टोचून ग्लुकोमीटरवर पाहिलं, तर ९४. सेन्सरचा दंड अंगाखाली दाबून मी झोपलो होतो. दाबलेल्या जागी रक्ताचा पुरवठा रोडावला आणि तारेभोवती नवं ग्लुकोज पोचेना. मी कूस बदलली. वीस मिनिटांत रेघ पुन्हा नव्वदीत.