“सोबत कोण आहे?” घर सोडून आलेल्या मुलांच्या उपचारांची पार्श्वभूमी

मराठीत ‘मुलगा पळून आला’ आणि ‘मुलगी पळून गेली’ ही दोन वाक्यं सारखी नाहीत. मुलगा पळून आला म्हटलं की डोळ्यांसमोर कल्याणचा किंवा दादरचा फलाट येतो. मुलगी पळून गेली म्हटलं की पहिला प्रश्न येतो, कुणाबरोबर? रोजच्या माराला कंटाळून किंवा घरातल्याच कुणाचा हात चुकवून ती एकटीच निघाली असेल, हे चटकन कुणाच्या मनात येत नाही.

सरकारी कागदावर या दोघांना आणखी वेगळी नावं मिळत गेली. १९८६च्या बाल न्याय कायद्यात ती ‘उपेक्षित’ होती. २०००च्या कायद्याने त्यांना ‘काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक’ केलं. मे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हरवलेल्या मुलांच्या तक्रारीत अपहरण किंवा तस्करी गृहीत धरून गुन्हा नोंदवायला सांगितलं. तेव्हापासून स्वतःच्या पायांनी घराबाहेर पडलेली मुलगीसुद्धा पोलीस ठाण्याच्या नोंदीत ‘फूस लावून पळवून नेलेली’ असते.

हे मूल आजारी पडून सरकारी रुग्णालयात गेलं, की केसपेपरच्या खिडकीवर एकच प्रश्न येतो: “सोबत कोण आहे?” सोबत कुणीच नसतं. गेल्या चाळीस वर्षांचे कायदे या प्रश्नाशी कसे वागले, हे पाहिलं की आजचे बरेच गुंते उलगडतात.

१९८६ पासून सुरुवात करू. वेश्याव्यवसायासाठीच्या व्यापाराविरुद्धचा १९५६चा कायदा त्या वर्षी बदलला आणि छाप्यात सोडवलेल्या व्यक्तीच्या वैद्यकीय तपासणीचं कलम त्यात आलं. ते मूळातून वाचावं. दंडाधिकाऱ्यापुढे हजर केलेल्या व्यक्तीची डॉक्टरने तपासणी करायची, ती तीन कारणांसाठी: वय ठरवायला, लैंगिक अत्याचाराच्या जखमा शोधायला आणि लैंगिक संसर्गाचे आजार आहेत का ते पाहायला. उपचार हा शब्द त्या वाक्यात नाही. आजार शोधायचा, तो कोर्टाला कळवायचा, आणि पुढे? त्याच वर्षी चेन्नईत देशातले पहिले एचआयव्हीबाधित रुग्ण सापडले. त्या देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया होत्या आणि सरकारी कोठडीवजा गृहातल्या होत्या. मुलीला ताब्यात घेणं आणि तिचं रक्त काढणं या दोन गोष्टींची सांगड आपल्याकडे तेव्हापासूनच बसली.

फेब्रुवारी १९९६ मध्ये त्याची मोठी किंमत मोजावी लागली. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतल्यावर कामाठीपुरा आणि आसपासच्या वस्त्यांत छापे पडले. चारशेहून अधिक मुली आणि स्त्रियांना सरकारी गृहांत आणलं गेलं, त्यांतल्या बऱ्याच नेपाळच्या होत्या. न विचारता त्यांची रक्ततपासणी झाली. एचआयव्हीच्या भीतीने नेपाळ सरकार त्यांना परत घ्यायला तयार होईना. महिन्यांमागून महिने गेले, काही जणी गृहातच दगावल्या, आणि शंभरावर मुली जुलैत काठमांडूला पोचल्या त्या तिथल्या स्वयंसेवी संस्था पुढे आल्या म्हणून. ‘सुटका’ या शब्दाकडे कार्यकर्ते संशयाने पाहू लागले ते तिथून. त्याच वर्षी मुंबईत मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन सुरू झाली. पोलिसांखेरीज दुसऱ्या कुणाला तरी फोन लावता येतो, ही गोष्ट फलाटावरच्या मुलांसाठी नवी होती. (२०२३ पासून हेल्पलाइनचं काम सरकारी यंत्रणेकडे गेलं आणि ती ११२ ला जोडली जाऊ लागली. चांगलं की वाईट, यावर या क्षेत्रात अजून वाद आहे.)

आता मुख्य गुंता. १४ नोव्हेंबर २०१२ला पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा, लागू झाला. त्याचं कलम १९ सांगतं की, अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक गुन्हा झाल्याचं ज्याला माहीत आहे, किंवा होईल अशी शंका आहे, त्याने पोलिसांना कळवलंच पाहिजे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. यातून डॉक्टर, समुपदेशक, समाजसेवक कुणीही सुटत नाही.

हे कलम का आलं, ते विसरून त्यावर टीका करणं सोपं आहे. १९९१ मध्ये मडगावात अनाथ मुलांचा सांभाळ करतो म्हणवणाऱ्या एका वृद्ध परदेशी गृहस्थाला अटक झाली. त्याच्याकडे मुलांची दोन हजारांवर अश्लील छायाचित्रं सापडली. १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली. पुढे २००३ मध्ये गोव्याने स्वतःचा बाल कायदा केला, पॉक्सोच्या नऊ वर्षं आधी. फोटो धुणाऱ्या स्टुडिओला मुलांची तशी छायाचित्रं दिसली तर पोलिसांना कळवणं त्या कायद्याने बंधनकारक केलं. कुलाबा परिसरात रस्त्यावरच्या मुलग्यांसाठी निवारे चालवणाऱ्या दोन ब्रिटिशांचं प्रकरण २००१ मध्ये बाहेर आलं. २००६ मध्ये शिक्षा, २००८ मध्ये उच्च न्यायालयातून सुटका, २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाकडून शिक्षा कायम, इतकी वर्षं ते चाललं. दोन्ही ठिकाणी बळी पडलेली मुलं घराबाहेरचीच होती. मुलाला आसरा देणाराच गुन्हेगार निघाला, तर तोंड उघडायची सक्ती दुसऱ्या कुणावर तरी असली पाहिजे. या युक्तिवादाला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

पण त्याच पॉक्सोने शरीरसंबंधांना संमती देण्याचं वय सोळावरून अठरावर नेलं, आणि दवाखान्याच्या बाकावर या दोन गोष्टी एकत्र आल्या. सतरा वर्षांची मुलगी येते. गाव सोडून आठ महिने झालेत, एका मुलाबरोबर चाळीतल्या खोलीत राहते. ओटीपोटात दुखतंय, अंगावरून पांढरं जातंय. साध्या गोळ्यांनी बरा होणारा आजार. डॉक्टर वय विचारतात, ती खरं सांगते, आणि केसपेपरवर लाल अक्षरांत एमएलसी पडतं, म्हणजे पोलिसांना कळवायची केस. आता पोलीस येणार, मुलगा आत जाणार, गावाला फोन जाणार. ज्या घरातून ती निघाली, तिथेच. पुढच्या वेळी ती वय एकोणीस सांगते, किंवा येतच नाही. जिचा खरोखर धंद्यासाठी वापर होतोय तिला तर एकोणीस सांगायचं आधीच पढवलेलं असतं. म्हणजे कळवण्याच्या सक्तीचा फास खरं बोलणाऱ्या मुलीभोवती आधी आवळला जातो.

२०१४ पासून किशोरवयीनांसाठीचा राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रम आहे. त्याच्या पोस्टरवर ‘तुमची माहिती गुप्त राहील’ असं आश्वासन असतं. त्याच भिंतीखाली बसलेल्या समुपदेशकाला कलम १९ लागू आहे. तिने करायचं काय? मी पाहिलेल्या चांगल्या समुपदेशक मुलीला बोलतं करण्याआधीच सांगून टाकतात: “बाळा, तू मला जे सांगशील त्यातलं काही मला पुढे कळवावं लागेल.” प्रामाणिक वाक्य आहे. ते ऐकून मूल गप्प होतं, तेही खरं आहे.

२९ सप्टेंबर २०२२ला सर्वोच्च न्यायालयाने वाट काढायचा प्रयत्न केला. प्रकरण एका प्रौढ अविवाहित स्त्रीच्या गर्भपाताचं होतं, पण निकालात अल्पवयीनांचाही विचार झाला. डॉक्टरने पोलिसांना कळवावं, मात्र मुलीने आणि तिच्या पालकाने विनंती केली तर तिचं नाव आणि ओळख देण्याची गरज नाही. मोठा दिलासा म्हणून वर्तमानपत्रांनी त्याचं स्वागत केलं, आणि घरात राहणाऱ्या मुलींसाठी तो होताही. पण वाक्य नीट वाचा. ही सवलत फक्त गर्भपातापुरती आहे. संसर्गाच्या उपचाराला नाही, मुलग्याला नाही. आणि विनंती करायला सोबत पालक हवा. म्हणजे पुन्हा खिडकीवरचा तोच प्रश्न. गर्भपाताच्या कायद्यात पालक म्हणजे मुलीचा सांभाळ करणारी व्यक्ती, अशी मोकळी व्याख्या आहे, पण फलाटावरच्या मुलीसाठी ती व्यक्ती व्हायला पुढे कोण येणार? शिवाय त्या निकालानंतरही पोलीस नावासाठी अडून बसतात म्हणून डॉक्टरांना मुंबई उच्च न्यायालयात धाव घ्यावी लागली आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये विधी आयोगाने संमतीचं वय सोळावर आणायला नकार दिला, सोळा ते अठरामधल्या प्रकरणांत शिक्षा ठरवताना न्यायाधीशांना सवड असावी एवढं सुचवलं. हे सारं कोर्टात पोचल्यानंतरचं. खिडकीवर त्याचा उपयोग नाही.

उपचारांच्या बाजूने मात्र कायदा खूप पुढे आला आहे, हेही सांगायला हवं. २०१३च्या फौजदारी दुरुस्तीनंतर खासगी रुग्णालयालाही बलात्कारपीडितेला मोफत प्रथमोपचार नाकारता येत नाहीत. पॉक्सोचे नियम, आधीचे आणि २०२०चेही, म्हणतात की तातडीच्या उपचारांसाठी डॉक्टरने पोलिसांचं पत्र मागू नये. जखमा, लैंगिक संसर्ग, एचआयव्ही प्रतिबंधक औषधं, गर्भनिरोधक गोळी, समुपदेशन, सगळं त्यात लिहिलं आहे. मुलीची तपासणी स्त्री डॉक्टरने करायची. सोबत विश्वासाचं कुणी नसेल तर रुग्णालयप्रमुखाने नेमलेल्या स्त्रीसमोर करायची. १९८६च्या त्या कोरड्या वाक्याशेजारी हा नियम ठेवला की फरक कळतो. तरीही “आधी पोलिसांचा मेमो आणा” हे वाक्य मी एका मोठ्या रुग्णालयात रात्री अडीच वाजता स्वतः ऐकलं आहे. मुलगा चौदा-पंधराचा, मुठीत नशेसाठी हुंगायचा व्हाइटनरचा बोळा, बसता येत नव्हतं म्हणून भिंतीला टेकून उभा. काय झालं विचारलं तर म्हणाला, “पडलो.” पॉक्सो मुलग्यांनाही लागू आहे, हे तिथे कुणाला माहीत नव्हतं असं नाही. कुणालाच त्या रात्री एमएलसी नको होती.

एचआयव्हीपासून बचावाची औषधं घटनेनंतर ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि २८ दिवस रोज घ्यावी लागतात. हिपॅटायटिस बीच्या लशीचे तीन डोस सहा महिन्यांत विभागलेले असतात. सापडलेल्या मुलाला २४ तासांत बालकल्याण समितीपुढे उभं करायचं असतं. समिती त्याला बालगृहात पाठवते, मग जिल्ह्याच्या किंवा राज्याच्या दुसऱ्या गृहात, मग घरी. पोलिसांची फाइल प्रत्येक टप्प्यावर मुलासोबत जाते. गोळ्यांची पुडी आणि लशीचं कार्ड पुढे कुणी न्यायचं, हे मात्र बहुतेक वेळा निघताना गेटवर, ज्याची ड्यूटी असेल तो ठरवतो.