पॉलीऑक्सोमेटॅलेट: सेंद्रिय जोडामागचा इतिहास

स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियसने १८२६ मध्ये अमोनियम मॉलिब्डेट आणि फॉस्फोरिक आम्लापासून एक पिवळा अवक्षेप मिळवला. फॉस्फेट ओळखायला ही अभिक्रिया आजही वापरतात, पण अशा संयुगांची अंतर्रचना कळायला शतकाहून जास्त काळ गेला. मँचेस्टरमध्ये केगिनने १९३३-३४ साली क्ष-किरणांच्या मदतीने फॉस्फोटंगस्टिक आम्लाची रचना उलगडली: मधोमध फॉस्फरस, भोवती १२ टंगस्टन आणि त्यांना बांधून ठेवणारे ४० ऑक्सिजन. धातू-ऑक्साइडचे असे ऋणभारित गुच्छ म्हणजे पॉलीऑक्सोमेटॅलेट.

ते विषाणूंना रोखतात असं १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये दिसलं. त्यांतलंच एक एचपीए-२३, म्हणजे टंगस्टन आणि अँटिमनीचा गुच्छ. एचआयव्हीचं रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज हे विकर (विषाणूला आपल्या प्रती काढायला लागणारं एन्झाइम) तो परीक्षानळीत बंद पाडायचा. एड्सवर दुसरं काहीच हाताशी नव्हतं, म्हणून १९८० च्या दशकात तो रुग्णांनाही दिला गेला; अभिनेता रॉक हडसन त्याचसाठी पॅरिसला गेला होता. रुग्णांच्या प्लेटलेट घटल्या, प्रकृतीला ठोस फायदा दिसला नाही आणि औषध मागे पडलं.

अडचण मुळातच होती. एवढा ऋणभार असलेला आयन प्रथिनांवरच्या धनभारित जागांना चिकटतो, मग ते प्रथिन हवं ते असो वा नको ते. (याच चिकटपणाचा उपयोग रसायनशास्त्रज्ञ अदा योनाथ यांनी करून घेतला: पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमची रचना सोडवताना त्यांनी १८ टंगस्टनचा गुच्छ वापरला.) शिवाय यातले बरेच गुच्छ आम्लातच टिकतात. रक्ताच्या ७.४ पीएचला ते विघटित होतात, आणि मग परिणाम नेमका कशाचा, हेच सांगता येत नाही.

या अडचणींवर उपाय म्हणून गुच्छांना सेंद्रिय, म्हणजे कार्बनयुक्त, गट जोडून पाहतात. ही जोडण्याची कला मात्र औषधासाठी जन्मली नाही. रसायनशास्त्रज्ञ मायकेल पोप आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये पाच मॉलिब्डेनमच्या कड्यावर फॉस्फोनेट (फॉस्फरसला जोडलेले सेंद्रिय गट) बसवले, ते निव्वळ रसायनशास्त्राच्या ओढीने. १९७९ मध्ये नॉथने वापरलेली युक्ती मला सर्वांत देखणी वाटते. केगिन गुच्छाच्या (केगिनने उलगडलेल्या रचनेच्या गुच्छाच्या) द्रावणाचा पीएच सांभाळून वाढवला की एक टंगस्टन निखळतो आणि खाचेत ऑक्सिजन उघडे पडतात. तिथे ऑर्गॅनोसिलेन (सेंद्रिय गट असलेलं सिलिकॉनचं संयुग) घातलं की दोन सिलिकॉन मधल्या ऑक्सिजनसह ती खाच बुजवतात, आणि त्यांच्यावरचे सेंद्रिय गट बाहेर डोकावतात.

२००२ च्या सुमारास अँडरसन गुच्छावर (मधल्या एका अणूभोवती सहा धातू असलेली चपटी चकती) 'ट्रिस' नावाचा सेंद्रिय रेणू बसवण्याची पद्धत रुळली. तीन हायड्रॉक्सिल भुजांनी हा रेणू गुच्छाला धरतो, चौथ्या टोकाचा अमाईन (नायट्रोजनचा गट) मोकळा राहतो. त्या अमाईनला पेप्टाइड (प्रथिनाचा छोटा तुकडा) जोडा, नाहीतर दुसरा एखादा जैविक रेणू. हाडांच्या विकारांवर दिले जाणारे बिसफॉस्फोनेटही गुच्छांना जोडून झाले आणि कर्कपेशींवर तपासले गेले. तिथे जोडलेला गट स्वतःच औषध होता.

यातलं बरंचसं काम अजून पेशीसंवर्धनापुरतंच, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींपुरतंच, आहे. रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन हे गुच्छ पटकन धरून ठेवतं, सेंद्रिय गट असोत वा नसोत. त्यामुळे एखादा गुच्छ औषध म्हणून चालतो असा दावा कुणी केला, तर पहिली विचारणा हीच करावी: संवर्धनाच्या माध्यमात तो गुच्छ अखंड राहिला होता का, आणि ते कशावरून?