‘होस्ट इज डाउन’: घरच्या लिनक्सवरील सामायिक फोल्डर का अडतात, याची पार्श्वभूमी

घरातील लिनक्स संगणकावरून राउटरला जोडलेल्या डिस्कवरचा फोल्डर माउंट करू पाहावा (म्हणजे तो आपल्याच संगणकातला असल्यासारखा जोडू पाहावा) आणि ‘माउंट एरर ११२: होस्ट इज डाउन’ एवढेच उत्तर यावे, हा अनुभव २०१७ च्या उत्तरार्धापासून अनेकांच्या वाट्याला आला. ज्या यंत्राबद्दल ही तक्रार असते ते चालू असते आणि पिंगला, म्हणजे ‘जागे आहेस का’ या हाकेला, निमूटपणे उत्तरही देत असते. दोन्ही टोकांना समजेल अशी एकही बोली उरलेली नाही, एवढाच त्या संदेशाचा बहुतेक वेळा अर्थ असतो. ‘बोली’ हा शब्द येथे अलंकारिक नाही. एसएमबी या, जाळ्यावरून फाइली सामायिक करण्यासाठीच्या प्रोटोकॉलच्या (संवादाच्या ठरलेल्या नियमांच्या) आवृत्त्यांना त्याच्या तांत्रिक दस्तऐवजांतही याच अर्थाचा शब्द आहे: जोडणीच्या आरंभी क्लायंट (फाइल मागणारे टोक) आपल्याला येणाऱ्या बोलींची यादी पाठवतो, सर्व्हर (फाइल देणारे टोक) त्यांतील एक निवडतो, आणि एकही जुळली नाही तर बोलणे तेथेच खुंटते.

या प्रोटोकॉलचा उगम १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धातला, डॉस ही विंडोजच्या आधीची प्रणाली चालवणाऱ्या कार्यालयीन संगणकांसाठीचा. प्रत्येक यंत्राने आपले नाव जाळ्यावर पुकारावे आणि इतरांनी ते ऐकावे, अशी त्याच्या खालच्या नेटबायोस या थराची रीत होती. युनिक्सच्या, म्हणजे लिनक्स ज्या कुळातली त्या प्रणालींच्या, जगात तो १९९२ च्या सुरुवातीस आला. ऑस्ट्रेलियातील एका संशोधक विद्यार्थ्याने तारेवरून जाणारी पाकिटे न्याहाळून, अधिकृत कागदपत्रांवाचून, त्याचा सर्व्हर लिहून काढला. पहिले नाव एका कंपनीच्या व्यापारचिन्हाशी भिडल्यामुळे पुढे एस, एम आणि बी ही अक्षरे याच क्रमाने असलेला शब्द संगणकातील शब्दसूचीत शोधण्यात आला व ‘सांबा’ सापडला; तेच त्या प्रोग्रामचे नाव झाले. आपल्या सांबसदाशिवाशी त्याचा काही संबंध नाही.

त्या दशकातील एक गोष्ट मात्र आजही रोज अडते. १९९७ च्या सुमारास विंडोजने पासवर्ड उघडा पाठवणे थांबवले आणि आव्हान-प्रतिसादाची, म्हणजे पासवर्ड न पाठवता तो माहीत असल्याचे पटवण्याची, पद्धत सक्तीची केली. या पद्धतीत सर्व्हरपाशी पासवर्डचे विंडोजच्या रीतीने काढलेले सार (हॅश) असावे लागते. लिनक्सने साठवलेले सार वेगळ्या रीतीचे असते आणि एकावरून दुसरे काढता येत नाही. म्हणून सांबाला पासवर्डची स्वतंत्र यादी ठेवावी लागली. संगणकावर लॉगिन होते, पण शेअरवर (सामायिक फोल्डरवर) तेच नाव आणि तोच पासवर्ड चालत नाही, या तक्रारीचे मूळ बहुधा येथे असते.

खरा गुंता आहे तो ‘सीआयएफएस’ या नावाचा. १९९६ मध्ये वेबच्या लाटेत एका प्रतिस्पर्धी कंपनीने आपली फाइल प्रणाली इंटरनेटसाठी म्हणून पुढे आणली, तेव्हा विंडोजच्या निर्मात्यांनी एसएमबीलाच ‘कॉमन इंटरनेट फाइल सिस्टिम’ असे नवे नाव दिले. त्यात मोठ्या फाइली, दुवे आणि नेटबायोसशिवाय थेट इंटरनेटच्या टीसीपी या नियमावलीवरून जोडणी अशा काही सुधारणा होत्या. पण गाभा त्या वेळच्या एसएमबीचा, म्हणजे ‘एनटी एलएम ०.१२’ या बोलीचाच होता. मानक ठरवणाऱ्या संस्थेकडे मसुदे गेले, मुदत संपून ते बाद झाले, आणि नाव मात्र उरले. पुढे २००३ च्या अखेरीस आलेल्या लिनक्सच्या २.६ कर्नलमध्ये (प्रणालीच्या गाभ्यात) या प्रोटोकॉलसाठी नवे मॉड्यूल (जोडभाग) समाविष्ट होते. ‘एसएमबीएफएस’ हे नाव जुन्या मॉड्यूलकडे आधीच होते, म्हणून नव्याचे नाव ‘सीआयएफएस’ राहिले. जुने मॉड्यूल २०११ च्या सुमारास निघून गेले. तोवर नव्याचे नाव असंख्य एफएसटॅब फाइलींत (ज्यांत काय माउंट करायचे याची यादी असते), मॅन्युअलांत आणि नॅसच्या, म्हणजे जाळ्याला जोडायच्या डिस्कच्या, खोक्यांवर छापले गेले होते.

त्यामुळे आज ‘सीआयएफएस’ या एका शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि ते एकमेकांच्या जवळजवळ उलट आहेत. प्रोटोकॉलच्या इतिहासात तो १९९० च्या दशकातील, आता असुरक्षित ठरलेल्या बोलीचे नाव आहे. लिनक्सवर मात्र तो त्या मॉड्यूलचे नाव आहे, जे २०१५ मध्ये आलेली ३.१.१ ही बोलीही व्यवस्थित बोलते. ‘सीआयएफएस वापरू नका, एसएमबी वापरा’ हा सल्ला ऐकून जो माणूस आपली एफएसटॅब उघडतो, त्याला तेथे सीआयएफएस दिसते आणि आपण काही जुनाट, धोक्याचे चालवत आहोत असे वाटते. प्रत्यक्षात त्याची जोडणी ३.१.१ वर चाललेली असू शकते. माउंट हा आदेश नुसता चालवला असता त्या शेअरच्या ओळीत ‘व्हर्स’ या पर्यायापुढे जो आकडा दिसतो, तो खरा. नावावरून काही ठरत नाही. गोंधळ कर्नलच्या कर्त्यांनाही चुकला नाही. बोली न सांगता माउंट केल्यास कर्नलच्या नोंदवहीत जी सूचना उमटते, तिच्यात जुन्या बोलीचा उल्लेख ‘सीआयएफएस, म्हणजे एसएमबी १’ असा येतो, आणि ती सूचना लिहिणाऱ्या मॉड्यूलचे नावही सीआयएफएसच. २०२३ मध्ये ६.४ कर्नलच्या वेळी मूळ कोडची निर्देशिका अखेर ‘एसएमबी’ या नावाखाली हलवली गेली. मॉड्यूलचे नाव तेच राहिले, कारण ते बदलले असते तर घराघरातल्या एफएसटॅब मोडल्या असत्या. हा निर्णय समजण्याजोगा आहे; तरी वीस वर्षांपूर्वीच्या एका नामकरणाचे व्याज किती काळ भरायचे, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही.

आता २०१७ कडे. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्राम विंडोजमधील एसएमबी १ च्या त्रुटीवरून जगभर पसरला. (त्याच महिन्यात सांबातही एक गंभीर त्रुटी उघड झाली, ती वेगळी होती आणि २०१० पासूनच्या आवृत्त्यांत होती, पण लोकांच्या बोलण्यात दोन्हींची सरमिसळ झाली.) त्यानंतर जुनी बोली बंद करण्याचे निर्णय झपाट्याने झाले. सप्टेंबर २०१७ च्या ४.१३ कर्नलने तोवरचा मूलनिवड (काही न सांगितल्यास वापरायची बोली) १.० बदलून थेट ३.० केला, आणि हा फटका फार कडक ठरल्याने ४.१३.५ मध्ये ‘२.१ किंवा त्यावरील जी जुळेल ती’ असा तो सैल केला. विंडोज १० च्या त्या वर्षीच्या शरद ऋतूतील आवृत्तीत एसएमबी १ नव्या स्थापनेत आपोआप बसेनासे झाले. सांबाने सप्टेंबर २०१९ मध्ये ४.११ या आवृत्तीत तेच केले. लिनक्सवर फाइल मॅनेजर सांबाच्या ग्रंथालयामार्फत (तयार कोडच्या संचामार्फत) बोलतो आणि माउंट कर्नलमार्फत, त्यामुळे मधल्या दोन वर्षांत एकाच संगणकावर एका वाटेने फोल्डर उघडे आणि दुसऱ्या वाटेने अडे. एप्रिल २०२० मध्ये उबुंटू या लोकप्रिय लिनक्सच्या २०.०४ आवृत्तीसोबत सांबा ४.११ घरोघरी पोहोचला, आणि उरलेली वाटही बंद झाली.

बोली बंद करणे आवश्यक होते, यात वाद नाही. वाद आहे तो ते कसे कळवले गेले याचा. ‘जुनी बोली बंद केली आहे, हवी असल्यास व्हर्सपुढे १.० लिहा’ ही उपयोगी ओळ कर्नलच्या नोंदवहीत पडत होती, जी घरगुती वापरकर्ता सहसा उघडत नाही. त्याच्या पडद्यावर मात्र ‘होस्ट इज डाउन’ येत होते, जे सरळसरळ खोटे होते. लोकांनी केबली बदलल्या, राउटर रीसेट केले, डिस्क खराब झाली म्हणून टाकूनही दिल्या असतील.

जुनी यंत्रे इतकी उरली कशी, याचे एक उत्तर परवान्यात आहे. सांबाने २००७ मध्ये जाहीर करून ३.२ पासून जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याची तिसरी आवृत्ती स्वीकारली. तिच्या अटी नको असलेल्या कित्येक उत्पादकांनी आपल्या राउटरांत त्याआधीची ३.० ही शाखाच ठेवली. लहान फ्लॅश मेमरीत ती मावतही असे. एसएमबी २ चा पूर्ण आधार सांबात २०११ च्या ३.६ मध्ये आला, म्हणजे हे राउटर अनेक वर्षांनंतर विकले गेले तरी त्यांना पहिल्या बोलीपलीकडे काही येत नव्हते.

‘फोल्डर उघडत नाही’ आणि ‘यंत्र दिसत नाही’ या तक्रारी मात्र वेगळ्या ठेवाव्या लागतात. यंत्रांची यादी दाखवणे हे नेटबायोसचे काम होते, ज्यात जाळ्यावरील संगणक आपसांत निवडणूक घेऊन यादी सांभाळणारा एक मुखिया ठरवत. एसएमबी १ बरोबर ही व्यवस्थाही गेली. विंडोज आता डब्ल्यूएस-डिस्कव्हरी या वेगळ्या पद्धतीने, यूडीपीच्या ३७०२ क्रमांकाच्या पोर्टवरून शेजारी शोधतो. सांबात ती सोय अंगभूत नसल्याने लिनक्सवर त्यासाठी वेगळी सेवा चालवावी लागते आणि फायरवॉलमध्ये वाट मोकळी ठेवावी लागते. ती नसेल तर यादी रिकामी दिसते, पण पत्ता हाताने लिहिला की फोल्डर उघडतो. यादी रिकामी म्हणून सांबाची सेटिंग फाइल उकरत बसणे हा त्यामुळे बहुधा वाया गेलेला रविवार ठरतो.

सर्वांत अलीकडचा बदल २०२४ मधील आहे, आणि यात अडणारे टोक विंडोजचे असते. विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीत, प्रो आणि त्यावरच्या प्रकारांत, एसएमबीच्या प्रत्येक जोडणीवर स्वाक्षरी (निरोप वाटेत बदलला नसल्याची खूण) सक्तीची झाली आणि पाहुणा म्हणून आत शिरण्याची मुभा प्रोमध्येही आपोआप बंद राहू लागली. स्वाक्षरीची किल्ली पासवर्डवरून निघते. पाहुण्याला पासवर्डच नसतो, म्हणून त्याला स्वाक्षरी करता येत नाही. सांबाच्या सेटिंगमधील, पाहुण्याला मुभा देणाऱ्या ‘गेस्ट ओके’ या एका ओळीवर वर्षानुवर्षे चाललेला लिनक्सवरील शेअर अशा विंडोजवरून उघडायचा, तर ही सक्ती तरी सैल करावी लागते किंवा सांबाच्या त्या स्वतंत्र यादीत एक नाव आणि एक पासवर्ड घालावा लागतो.