चुकीची नोंद झाली? आधी वेळ टिपून ठेवा

समजा, पतसंस्थेतल्या एका सभासदाचा मोबाइल नंबर बदलायचा आहे. डेटाबेसला 'अपडेट', म्हणजे नोंद बदलण्याची, कमांड दिली, पण कोणाचा नंबर ते सांगणारी 'व्हेअर'ची अट लिहायची राहून गेली. क्षणात सगळ्या सभासदांच्या नावापुढे तोच नंबर! अशा वेळी एकेक नंबर हाताने दुरुस्त करायला बसू नका. किती वाजलेत ते टिपा आणि इतरांना नोंदी थांबवायला सांगा. जुनी माहिती बरेचदा शाबूत असते.

ट्रान्झॅक्शन (एकत्र पक्के किंवा एकत्र रद्द होणाऱ्या बदलांचा गट) सुरू करून कमांड दिली असेल आणि 'कमिट', म्हणजे बदल पक्का होणं, अजून बाकी असेल, तर 'रोलबॅक' करून बदल मागे घेतला की झालं. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये मात्र ऑटोकमिट, म्हणजे प्रत्येक कमांड आपोआप पक्की होणं, मुळातच चालू असतं, म्हणून मोठ्या बदलाआधी ट्रान्झॅक्शन स्वतःहून सुरू करावं.

कमिट झाल्यावरही वाट उरते, ती लॉगमुळे, म्हणजे डेटाबेसने ठेवलेल्या बदलांच्या नोंदवहीमुळे. कुठलाही बदल मूळ फाइलमध्ये उतरण्याआधी लॉगमध्ये लिहिला गेलाच पाहिजे, असा दंडक असतो. आयबीएममधल्या सी. मोहन आणि सहकाऱ्यांनी १९९२ साली मांडलेली 'एरीज' पद्धत याच दंडकावर उभी आहे. तिचा हेतू यंत्रणा अचानक बंद पडली तर सावरण्याचा. पण लॉग जपून ठेवला तर ठरावीक क्षणापर्यंत मागेही जाता येतं. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये जुना बॅकअप उभा करायचा, त्यावर लॉगमधले बदल क्रमाने चालवायचे आणि चूक ११:४२ ची असेल तर ११:४१ ला थांबायचं. हे सगळं वेगळ्या सर्व्हरवरच करा, नाहीतर चुकीनंतरच्या खऱ्या नोंदीही जातील. तिथून फक्त नंबरांचा रकाना उचलून आणायचा. ओरॅकल या डेटाबेसमध्ये 'फ्लॅशबॅक' या सोयीने जुनी स्थिती थेट विचारता येते, पण जुनी माहिती जपण्याचं मूळ सेटिंग ९०० सेकंदांचं असतं. त्यापुढे भरवसा नाही.

याहून चिवट चूक म्हणजे ४५,००० च्या जागी ५४,०००. ती महिन्यांनी सापडते, तेव्हा सगळा डेटाबेस मागे नेऊन काय उपयोग? इथे जमाखर्चाची जुनी रीतच बरी: खोडायचं नाही, उलट नोंद करून बरोबर रक्कम नव्याने लिहायची. कोणी, कधी, काय बदललं याचा माग सॉफ्टवेअरनेच ठेवावा. भारतातल्या कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये असा, बंद न करता येणारा माग १ एप्रिल २०२३ पासून सक्तीचा आहे आणि ते योग्यच झालं. बँकेच्या स्टेटमेंटशी ताळा जुळत नसेल आणि फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल, तर आधी शेजारचे दोन अंक उलटे पडलेत का ते पाहावं.