कांद्यावरची काळी पूड आणि डब्यातले खवट दाणे

2021 च्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य आजाराची धास्ती पसरली, तेव्हा मोबाइलवर एक संदेश फिरत होता: कांद्याच्या सालीवरची काळी पूड आणि फ्रिजच्या रबरावरचे काळे डाग म्हणजेच ती ‘काळी बुरशी’. दोन्ही गोष्टी खोट्या होत्या. म्युकरमायकोसिसच्या बुरश्या काळ्या नसतातच. त्या रक्तवाहिन्यांत शिरून रक्तपुरवठा तोडतात आणि मेलेली जागा काळी पडते, एवढेच. कांद्यावर असते ती अ‍ॅस्परजिलस नायजर. कांदाचाळीत साठवलेल्या कांद्याला दमट हवा लागली की ही धरते. आपण वरचे पापुद्रे काढतो, धुतो आणि कांदा चिरतो. हीच बुरशी साखरेच्या द्रावात वाढवून कारखाने शंभर वर्षांपासून सायट्रिक अ‍ॅसिड काढत आले आहेत. ढोकळ्यातले लिंबूफूल बहुधा तिच्याच कृपेचे.

तेव्हा रंगावरून घाबरू नये, आणि रंगावरून निर्धास्तही होऊ नये. बाथरूमच्या छतावरचे काळपट ठिपके बहुतेकदा क्लॅडोस्पोरियमचे असतात. जुलैत कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर चढतो तो हिरवट-पांढुरका बुरा अ‍ॅस्परजिलस किंवा पेनिसिलियमच्या जातींचा. भिंतीच्या तळाशी येणारी पांढरी भुकटी मात्र अनेकदा बुरशी नसतेच; ओलीबरोबर वर आलेले ते क्षार असतात. चिमूटभर खरवडून पाण्यात टाका. विरघळली तर क्षार.

बुरशीचे बीजाणू घरात कायम असतात, कितीही पुसा. आकार काही मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीच्याही कितीतरी कमी. ते रुजतात पाण्यामुळे. भिंतीलगतच्या हवेतली आर्द्रता 80 टक्क्यांच्या आसपास टिकून राहिली की पुरते. भिंत चिंब असायची गरज नाही. कोकणात आणि मुंबईत पावसाळाभर हवाच तशी असते. त्यात बाहेरच्या भिंतीला चिकटवून ठेवलेले कपाट, घरात दोरीवर वाळत घातलेले कपडे, बंद खिडक्या. कपाट सरकवल्यावर मागे नकाशा उमटलेला दिसतो, कारण तिथे वारा फिरत नाही. खायला रंगातली सेंद्रिय द्रव्ये, पुठ्ठा, साधी धूळही चालते.

निरोगी माणसाला याने सहसा फारसे काही होत नाही. दमेकरी, अ‍ॅलर्जीचे रुग्ण आणि लहान मुले यांचे तसे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये उपलब्ध संशोधन तपासून सांगितले, की ओल आणि बुरशी असलेल्या घरांत खोकला, धाप, दमा यांचे प्रमाण जास्त आढळते. दम्याच्या काही रुग्णांमध्ये अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस श्वासनलिकांत वस्तीला राहते आणि शरीर तिच्याविरुद्ध अ‍ॅलर्जीने पेटून उठते. खोकल्यातून तपकिरी गुठळ्या पडतात, एक्स-रेवर डाग दिसतात. आपल्याकडे अशा रुग्णांना क्षयाची औषधे सुरू झाल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत.

डाग साबणाच्या पाण्याने घासून काढावेत, तोंडावर मास्क लावून. कोरडे झाडले तर बीजाणू घरभर उडतात. ब्लीच आणि बाथरूमचे अ‍ॅसिड कधीही एकत्र करू नये. क्लोरीन वायू निघतो. मेलेल्या बुरशीनेही अ‍ॅलर्जी होते, म्हणून नुसते औषध मारून थांबणे उपयोगाचे नाही. आणि गच्ची गळत असताना वर ‘अँटिफंगल’ रंग फासणे म्हणजे पैसे भिंतीला लावणे.

माझ्या मते मात्र आपण चुकीच्या खोलीत घाबरतो. भिंतीकडे बोट दाखवतो आणि ब्रेडवरची बुरशी खरवडून उरलेला तुकडा खातो. तिचे तंतू आधीच आत गेलेले असतात.

त्याहून गंभीर म्हणजे शेंगदाणे आणि मका यांवर वाढणारी अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस. ती अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. 1960 मध्ये इंग्लंडात लाखभर टर्की पक्षी मेले, तेव्हा शोध लागला तो खाद्यातल्या शेंगदाण्याच्या पेंडीतून. 1974 मध्ये राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल या भागांत अवकाळी पावसात भिजलेला मका खाऊन लोकांना कावीळ झाली, पोटात पाणी भरले. शंभराहून अधिक माणसे दगावली. तेच अन्न खाणारी कुत्रीही मेली. हे विष थोड्या प्रमाणात पण वर्षानुवर्षे पोटात गेले, तर यकृताचा कर्करोग होऊ शकतो. हेपटायटिस बी असेल तर धोका कैक पटींनी वाढतो.

भाजल्याने हे विष थोडे कमी होते, नाहीसे होत नाही. त्यामुळे कूट करण्याआधी दाणे निवडणे महत्त्वाचे: सुरकुतलेले, काळवंडलेले, बुरा आलेले बाजूला. विष बहुतेक अशाच मोजक्या दाण्यांत साठलेले असते, आणि प्रक्रिया उद्योगातली यंत्रेही रंग पाहून तेच दाणे वेगळे करतात. मात्र निवडून काढलेले दाणे गोठ्यात नेऊ नयेत. गाईम्हशींच्या पोटात गेलेल्या अफ्लाटॉक्सिनचा काही अंश दुधात उतरतो आणि दूध उकळूनही तो जात नाही.